मार्कंड्यावरचे छत्तीस फोटो

आण्णांचे गुडघे गेले तेव्हापासून ही गोष्ट माझ्या डोक्यात होती. आण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते, त्यातली बरीच वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या वणी-कळवण भागातल्या गाड्यांवर काढली, त्यामुळे सातमाळा रांगेतला एकेक डोंगर त्यांना खालून पाठ आहे, खालून म्हणजे बसच्या खिडकीतून. अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, धोडप, ही नावं मी लहानपणी त्यांच्या तोंडून स्टॉपच्या नावांसारखी ऐकलीयेत. देवीच्या गडावर ते किती वेळा गेले असतील त्याला हिशोब नाही, पण समोरच्या मार्कंड्यावर एकदाच, लग्नाआधी, आणि ते एकदाचंच अजून सांगतात, की वर गेलं की सगळी रांग दिसते, आपण नुसती मान फिरवत राहायचं. आता त्यांना जिना चढायचा म्हटला तरी कठडा धरावा लागतो. मग मी ठरवलं की ती मान फिरवणं आपण कागदावर आणायचं, आणि इतकं मोठं आणायचं की जवळ जाऊन बघितलं तर खालच्या रस्त्यावरची गाडीसुद्धा दिसली पाहिजे.

मोबाईलमध्ये पॅनोरामा मोड असतो तो सगळ्यांना माहीत आहे. मीही आधी तोच वापरायचो, गंगापूर धरणाच्या काठावरून, पांडवलेणीच्या पायऱ्यांवरून. छोट्या स्क्रीनवर छान दिसतं. पण मोबाईल काय करतो, की तुम्ही हात फिरवता तसतसे फोटोंचे बारीक बारीक उभे पट्टे घेत जातो आणि तिथल्या तिथे चिकटवतो, हात जरा हलला की डोंगराच्या कडेला पायरी पडते, आणि मोठं करून बघायला गेलं की झाडं म्हणजे हिरवा लगदा. भिंतीवर लावायचं तर ते चालणार नव्हतं.

दुसरा सोपा उपाय म्हणजे वाईड लेन्स, एकाच फोटोत सगळं. ते मी करून बघितलं होतं आणि मला ते कधीच पटलं नाही, कारण वाईड लेन्समध्ये पायाखालचा दगड हत्तीएवढा होतो आणि धोडप मुंगीएवढा. आपल्या डोळ्याला डोंगर जसा अंगावर येतो तसा यायचा असेल तर लांब लेन्स लावायची, थोडं थोडं टिपायचं आणि मग जोडायचं. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरवाला जुना कॅमेरा आहे आणि एक ५० मिलिमीटरची लेन्स, स्वस्तातली पण काचेसारखी स्वच्छ. कॅमेरा उभा धरला की ही लेन्स आडवं जेमतेम १७ अंश बघते आणि उभं २५. म्हणजे पश्चिमेच्या सप्तशृंगीपासून उत्तरेकडून फिरत पूर्वेच्या धोडपपर्यंत १८० अंश पाहिजेत तर हिशोब असा बसला, की दर १० अंशांना एक फोटो, १८ फोटोंची एक ओळ, आणि आकाश व दरी दोन्ही नीट यायला अशा दोन ओळी. छत्तीस फोटो. १७ अंश दिसत असताना १० नेच का सरकायचं, तर शेजारच्या दोन फोटोंत निदान एक तृतीयांश भाग सारखा असला पाहिजे, त्या सारख्या भागावरच सॉफ्टवेअर ओळख पटवतं. मी जरा जास्तच ठेवला कारण पुन्हा पुन्हा वर जाणं काही सोपं नाही.

आता खरी मेख. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून फिरवला की तो ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरतो, म्हणजे बॉडीच्या मध्याभोवती. पण चित्र ज्या बिंदूतून आत जातं तो लेन्समध्ये पुढे कुठेतरी असतो, फोटोवाले त्याला नोडल पॉइंट म्हणतात, काटेकोर नाव वेगळं आहे पण दुकानात हेच चालतं. कॅमेरा त्या बिंदूभोवती फिरला नाही तर जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकांच्या तुलनेत सरकतात. एक डोळा मिटून बोट समोर धरा आणि मान डावी-उजवी करा, बोट मागच्या भिंतीवर सरकताना दिसेल, तेच. नुसते लांबचे डोंगर असतील तर याने काही बिघडत नाही. पण मला पुढचं गवत आणि कातळाची कड पाहिजे होती, नाहीतर माणूस उंचावर उभा आहे हे कळणार कसं. मी गणित केलं तर माझ्या लेन्सला दोन मीटरवरचं गवत एका फोटोतून दुसऱ्यात जाताना मागच्या डोंगरावर ७०-८० पिक्सेल सरकत होतं. तेवढ्यात सांधा उघडा पडतो.

यासाठी ट्रायपॉडवर कॅमेरा मागे-पुढे सरकवायच्या पट्ट्या बाजारात मिळतात, पण मी सातपूरला टूलरूममध्ये काम करतो, विकत कशाला घेऊ. स्क्रॅपमधला आठ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा साहेबांना विचारून घेतला, सुट्टीनंतर मिलिंगवर त्याच्यात लांब खाच मारली, कडा फाईलने मोडल्या. कॅमेऱ्याचा स्क्रू पाव इंची असतो, इंचाला वीस आटे, तसा बोल्ट मिळाला आणि खालच्या बाजूला त्याच आट्याचं टॅप मारलं. वरून मिलिमीटरच्या खुणा कोरल्या. मला आयुष्यात किती तरी जॉब मायक्रॉनमध्ये करावे लागले पण हा जॉब करताना जी मजा आली ती वेगळीच.

नोडल पॉइंट शोधायचा कसा तर बिल्डिंगच्या गच्चीवर. कपड्यांच्या दोरीचा लोखंडी खांब हातभर अंतरावर, आणि त्याच्या मागे पार लांब मोबाईलचा टॉवर. दोन्ही एकामागे एक दिसतील असा कॅमेरा लावला, मग कॅमेरा डावीकडे फिरवला, खांब आणि टॉवर सुटे झाले. पट्टीवर कॅमेरा दोन मिलिमीटर मागे. पुन्हा फिरवला, कमी सुटे झाले. असं करत करत एक जागा येते की कॅमेरा कसाही फिरवा, खांबामागचा टॉवर खांबामागेच राहतो, जरासुद्धा डोकावत नाही. ती जागा आली तेव्हा मी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, हो रे, हलत नाही. तिथे पट्टीवर पंचने ठिपका मारला.

पहिल्यांदा गेलो ते कोजागरी झाल्यावर लगेचच्या रविवारी. मी आणि माझा मावसभाऊ, पहाटे पाचला गाडी काढली, दिंडोरी, वणी, मग मुळाणे बारी. ही बारी म्हणजे मार्कंड्या आणि रावळ्या-जावळ्या यांच्यामधली खिंड, वणीकडून कळवणकडे जाणारा रस्ता हिच्यातून जातो. खिंडीतून चढायला लागलो, उजाडता उजाडता कमंडलू तीर्थाशी पाणी पिऊन दम घेतला, पुढे कातळातल्या पायऱ्या, आणि वर मार्कंडेय ऋषींचं मंदिर. समोर सप्तशृंगी. देवीची मान जराशी कललेली आहे ती मार्कंडेय ऋषी इकडे बसून जे पुराण सांगतात ते ऐकायला, असं आमच्याकडे सगळ्या घरांत सांगतात, आणि मार्कंड्यावर उभं राहून समोर बघितलं की ते खोटं वाटत नाही, मधली दरी असूनसुद्धा दोन डोंगर एकमेकांशी बोलत बसल्यासारखे आहेत.

आठ वाजले होते, सोनकी पिवळीधमक फुललेली, मी भराभर फोटो काढले आणि खूश होऊन उतरलो. घरी येऊन जोडल्यावर कळलं की माझ्याकडून तीन गोष्टी चुकल्या होत्या, आणि तीनही जोडताना दुरुस्त होण्यासारख्या नव्हत्या.

सगळ्यात वाईट म्हणजे पोलरायझर. हा फिल्टर लावला की आकाश गर्द निळं होतं म्हणून मी तो हौसेने लावला होता. पण तो सगळं आकाश सारखं गडद करत नाही, सूर्यापासून बरोबर काटकोनात जे आकाश असतं तिथे सगळ्यात जास्त आणि दोन्हीकडे कमी कमी. एका फोटोत हे कळत नाही. अर्ध्या क्षितिजाच्या फोटोत कळतं. सकाळी आठला सूर्य आग्नेयेकडे, त्याचा काटकोन आला उत्तरेच्या थोडा उजवीकडे, म्हणजे माझ्या चित्राच्या जवळपास मधोमध कळवणच्या आकाशात शाई सांडल्यासारखा निळा डाग आणि दोन्ही टोकांना आकाश फिकट. मी तो डाग घालवायला दोन रात्री घालवल्या, शेवटी सोडून दिलं.

दुसरं, व्हाईट बॅलन्स ऑटोवर राहिला. कॅमेरा प्रत्येक फोटोला आपल्या मनाने रंग ठरवतो, गवत जास्त असलेला फोटो गुलाबीकडे, आकाश जास्त असलेला पिवळटाकडे, आणि मी जेपेगमध्येच काढले होते, रॉ नाही, म्हणजे नंतर मागे फिरायची सोय कमी. तिसरी चूक वेळेची. सगळे सांगतात लँडस्केप पहाटेच्या नाहीतर संध्याकाळच्या उन्हात काढा, एका फोटोला ते खरं आहे. पण १८० अंशांत एक टोक सूर्याच्या जवळ येणारच, सकाळी आठला रावळ्या-जावळ्या आणि धोडप सूर्याच्या बाजूला, धुरकट काळे, आणि सप्तशृंगीचा कडा मात्र सोन्यासारखा उजळलेला. एकाच चित्रात दोन वेगळे दिवस असल्यासारखं. उत्तरेकडे तोंड करून काढायचं तर आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तो पाठीमागे येईपर्यंत थांबायचं, साडेदहा-अकरा. ऊन कडक असतं, सावल्या लहान, पण सगळ्या डोंगरांना सारखं मिळतं. मला मऊ उन्हापेक्षा सारखं ऊन महत्त्वाचं वाटलं आणि अजूनही वाटतं.

आण्णांना काही बोललो नव्हतो पण आईने सांगितलं असणार. एक दिवस जेवताना म्हणाले, "काय रे, झालं का तुझं जोडकाम?" मी म्हटलं, पुन्हा जावं लागेल आण्णा. तर म्हणाले, "मग पाऊस पडून गेला की जा. हवा धुतली की साल्हेर दिसतो."

हे त्यांनी बरोबर सांगितलं होतं. कोरड्या दिवसांत आपल्याकडे हवेत जो धुरळा असतो त्याने लांबची रांग नुसती निळसर पट्टी होते, कोणतंही सॉफ्टवेअर ते आणून देत नाही. दिवाळीनंतर दोन दिवस अवकाळी झाला. मला त्या पावसाचं बरं वाटलं असं म्हणताना जीव अडखळतो, कारण दिंडोरी-निफाडकडे त्याच दोन दिवसांत द्राक्षवाल्यांनी डावणी रोगाच्या भीतीने रात्री-अपरात्री औषधं मारली, माझ्या मामांचीच बाग आहे. पण तिसऱ्या दिवशी आकाश असं निघालं की सातपूरहूनसुद्धा डोंगरांच्या घड्या मोजता येत होत्या. रजा टाकली आणि गेलो.

या वेळी गवत पिवळं पडलेलं, वारा कमी. दहाला वर पोचलो आणि घाई केली नाही. ट्रायपॉड कडेपासून थोडा मागे, एक पाय दगडाच्या फटीत घट्ट बसवला, सॅक खाली लटकवली वजनाला. आधी ट्रायपॉडचा तळ लेव्हल केला, नुसता कॅमेरा नाही, तळ. कॅमेरा सरळ आणि तळ तिरका असेल तर पहिला फोटो सरळ येतो आणि फिरवत गेलं की क्षितिज चढत किंवा उतरत जातं. मशीन लेव्हल करायची कामातली छोटी स्पिरिट लेव्हल खिशात आणली होती, ती ठेवून बुडबुडा मध्ये येईपर्यंत पाय वर-खाली करत बसलो, पाच-सात मिनिटं गेली असतील.

मग कॅमेऱ्यातलं सगळं ऑटो बंद. मॅन्युअल मोड, एफ-८, १/३२०, आयएसओ १००, आधी सगळ्यात उजेडाचा भाग बघून एक्स्पोजर ठरवलं आणि मग त्याला हात लावला नाही. व्हाईट बॅलन्स उन्हाचा, कायम. रॉ. फोकस साधारण पंधरा-सोळा मीटरवरच्या एका खडकावर करून रिंगला चिकटपट्टी लावली, या लेन्सला एफ-८ वर तिथे फोकस ठेवला की आठेक मीटरपासून पार क्षितिजापर्यंत चालून जातं, त्याच्या अलीकडचं गवत किंचित मऊ येतं ते मी मान्य केलं. लेन्समधलं हादरे कमी करणारं बटण माझ्या लेन्सला नाहीच, असतं तर ट्रायपॉडवर तेही बंद करायचं. दोन सेकंदांचा टायमर, बोटाने हलू नये म्हणून.

पहिली ओळ वरची, सप्तशृंगीपासून. ट्रायपॉडच्या हेडवर अंशांच्या खुणा आहेत, दहा, वीस, तीस, प्रत्येक ठिकाणी थांबायचं, टायमर दाबायचा, क्लिक, मनात तीन आकडे मोजायचे, पुढे. मावसभाऊ वहीत रेघा ओढत होता, कारण मध्येच एक राहिला तर सगळं वाया. अठरा झाले. कॅमेरा खाली झुकवला, परत डावीकडे येऊन दुसरी ओळ, पुन्हा अठरा. सगळ्याला मिळून आठ मिनिटं लागली. इतक्या तयारीनंतर आठच मिनिटं, पण त्या आठ मिनिटांत ढगाची सावली आली असती तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून आकाशाकडे बघत जीव मुठीत होता. एकही ढग आला नाही. खरंच उत्तरेला पार शेवटी साल्हेर दिसत होता, १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, नखाएवढा.

पहिल्या खेपेला जोडतानाही घोळ झाला होता, पण शिकायलाही तिथेच मिळालं, त्यामुळे जोडण्याबद्दल जरा नीट सांगतो. मी ह्यूजिन नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, फुकट आहे आणि मुक्त आहे. त्याच्या पोटात हेल्मुट डेर्श नावाच्या जर्मन प्राध्यापकाने १९९८ च्या सुमाराला केलेल्या पॅनोरामा टूल्सचं काम आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत खुणेच्या जागा शोधतं, कातळाचा कोपरा, झाडाचा शेंडा, रस्त्याचं वळण, आणि तीच जागा शेजारच्या फोटोत कुठे आहे ते जुळवतं. फोटो तिरका असो, लहान-मोठा असो, तरी तीच खूण ओळखायची युक्ती कॅनडातल्या डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडली, तेव्हापासून हे काम आपोआप व्हायला लागलं, त्याआधी माणूस हाताने ठिपके लावत बसायचा. या जोड्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. मग गणित सुरू होतं, प्रत्येक फोटो किती फिरलाय, किती झुकलाय, लेन्स कडेला किती वाकवते, हे सगळं असं बसवायचं की सगळ्या जोड्या शक्य तितक्या एकमेकांवर पडतील.

पहिल्या खेपेला सकाळचे ढग होते आणि सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने ढगांवरही खुणा लावल्या. ढग सरकतो. एका फोटोत ढगाची कड इथे, दुसऱ्यात तिथे, आणि ते म्हणतं दोन्ही एकच जागा आहे, मग ढग जुळवायला डोंगर वाकवतं. मला कळेना की डोंगरांच्या कडेला ५० पिक्सेलचं अंतर का पडतंय. कंट्रोल पॉइंटची यादी जास्त चुकीपासून कमी चुकीकडे अशी लावून बघितली तेव्हा कळलं, वरचे सगळे आकाशातले. ते काढून टाकले आणि गणित पुन्हा चालवलं तर सगळं शहाण्यासारखं बसलं. दुसऱ्या खेपेला ढगच नव्हते, तरी मी एकेका जोडीवर डोळे फिरवले. गवतावरच्या खुणा काढल्या कारण वाऱ्याने पातं हलतं, कातळावरच्या ठेवल्या. शेवटी सरासरी चूक एक पिक्सेलच्या आत आली. टूलरूमवाल्या माणसाला हा आकडा बघून जे वाटतं ते वाटलं.

मग प्रोजेक्शन ठरवायचं, म्हणजे गोल फिरून बघितलेलं सपाट कागदावर कसं उलगडायचं. साध्या फोटोचं जे असतं, सरळ रेघ सरळच राहते ते, १२० अंशांच्या पुढे चालत नाही, कडेचे डोंगर रबरासारखे ताणले जातात, आणि १८० ला तर ते अशक्यच. मी सिलिंड्रिकल घेतलं, डब्याचं लेबल सोडवून सपाट करावं तसं. उभ्या गोष्टी उभ्याच राहतात. क्षितिजाला बारीकशी लाट आलीच होती, मध्ये वर आणि टोकांना खाली. गावात हे दुरुस्त करायला इमारतींच्या कडा मिळतात, डोंगरावर उभी सरळ रेघ कुठून आणणार, मग उत्तरेकडच्या लांबच्या सपाटीवर आडव्या खुणा लावल्या आणि ती लाट बसली.

सांधे लपवायचं काम शेवटचं आणि मला सगळ्यात आवडलेलं. दोन फोटो नुसते एकावर एक विरघळवले तर बारीक तपशील दुहेरी दिसतात, आणि कापून शेजारी ठेवले तर आकाशात रेघ दिसते. उपाय १९८३ चा आहे, बर्ट आणि ॲडेलसन या दोघांचा. चित्राचे थर करायचे, ढोबळ रंगाचे वेगळे आणि बारीक तपशिलाचे वेगळे, ढोबळ थर लांबवर हळूहळू मिसळायचे आणि बारीक थर अगदी अरुंद पट्टीत. म्हणून आकाशाचा निळा कुठे बदलला ते कळत नाही आणि गवताचं पातंही दुहेरी होत नाही. माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपला हे करायला सव्वा तास लागला, मधल्या फाईलीच सहा-सात जीबीच्या झाल्या, मी फॅनसमोर लॅपटॉप उचलून ठेवला होता.

झालेलं चित्र कापून-छाटून ४२,२६० बाय ७,२०० पिक्सेल. तीनशे मेगापिक्सेलच्या वर. फोटोशॉपच्या पीएसडी फाईलला रुंदी-उंचीची ३०,००० पिक्सेलची मर्यादा असते हे मला सेव्ह करताना कळलं, मोठ्या कागदपत्रांची पीएसबी वेगळी असते. जेपेगची मर्यादा ६५,५३५, त्यात आपण बसतो.

छपाईला दोन जागी फिरलो. पहिल्या ठिकाणी मुलाने फाईल मशीनला झेपावी म्हणून मला न विचारता लहान केली आणि प्रिंट हातात दिल्यावर जवळून बघितलं तर मोबाईलचाच लगदा, मी काही बोललो नाही, पैसे देऊन घरी आलो आणि खूप वाईट वाटलं. दुसरीकडे आधी एक फूटभर पट्टी छापून मागितली, फक्त सप्तशृंगीच्या कड्याची, रंग बघितले, सावल्या थोड्या उघडल्या आणि मगच पूर्ण ऑर्डर. २४ इंची रोलवर, मॅट कागद, इंचाला ३०० ठिपके. लांबी ११ फूट ९ इंच. गुंडाळी घेऊन गाडीवर येताना मावसभाऊ मागे ती कडेवरच्या पोरासारखी धरून बसला होता.

हॉलच्या लांब भिंतीला लावलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. आण्णांनी आधी लांबून बघितलं. मग चष्मा बदलला, खुर्ची भिंतीला लावली, आणि डाव्या टोकापासून बोट न टेकवता हवेतून फिरवत निघाले. गडाच्या पायऱ्या. खाली नांदुरीकडची वस्ती. कळवणची बाजू. रावळ्या. जावळ्या. धोडपपाशी थांबून म्हणाले, वडाळीभोईकडून जाताना हा वेगळाच दिसतो, त्याची ती खाच दिसते. मी मागे उभा होतो, काही बोललो नाही.

मग खाली मुळाणे बारीच्या रस्त्याशी बोट थांबलं. बराच वेळ थांबलं.

"अरे, ही गाडी दोनदा आलीये."

मी वाकून बघितलं. गव्हाच्या दाण्याएवढी लाल एसटी, रस्त्याच्या एका वळणावर. आणि थोडी पुढे, उजवीकडे, तशीच लाल दाण्याएवढी एसटी. महिनाभर मी या चित्राचा इंच न् इंच बघितला होता, कंट्रोल पॉइंट एकेक तपासले होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

"दोन गाड्या असतील आण्णा."

"एवढ्या जवळ दोन गाड्या एका पाठोपाठ नाही सोडत या रूटवर. एकच आहे ती."

लॅपटॉप उघडला. खालच्या ओळीतले फोटो, तेहतिसावा आणि चौतिसावा. तेहतिसाव्यात गाडी मागच्या वळणावर, चौतिसाव्यात पुढच्या, दोन्ही फोटोंच्या वेळेत तेरा सेकंदांचा फरक. सांधा बरोबर दोघांच्या मधून गेलेला, डावीकडचं तेहतिसाव्यातून घेतलं आणि उजवीकडचं चौतिसाव्यातून, म्हणून दोन्ही राहिल्या. आण्णांना मी हे कागदाचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून समजावलं. त्यांनी लगेच पकडलं. तेरा सेकंदांत एवढं अंतर म्हणजे उतारावर आहे, कळवणहून वणीकडे चाललीये, बारी ओलांडली की ड्रायव्हर असंच सोडतात, असं म्हणाले.

मी म्हटलं, एक काढून टाकतो, तेवढा भाग झाकणारा मास्क लावला की पाच मिनिटांचं काम आहे, ती पट्टी परत छापू.

ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "अन् वणीकडून येणारी असती तर?"

मी विचार केला. उलट्या दिशेने, उजवीकडून डावीकडे. आधीच्या फोटोत सांध्याच्या उजवीकडे, तिथे तो फोटो घेतलेलाच नाही. नंतरच्या फोटोत सांध्याच्या डावीकडे, तिथे तोही नाही. "मग कुठेच दिसली नसती."

"म्हणजे असेल अन् दिसत नसेल?"

"असू शकेल."

आण्णांनी खुर्ची भिंतीपासून काढून टेबलाला लावली. आईने दिवा लावला. मूळ फोटो एकेक करून मोठे केले आणि रस्त्यावरून खालून वर सरकत गेलो, एकोणीस, वीस, एकवीस, डाव्या बाजूच्या फोटोंत हा रस्ताच नाही, पण ते म्हणाले सगळे दाखव. चौतिसाव्यात, एसटीच्या बऱ्याच पुढे, झाडाच्या सावलीच्या कडेला एक ठिपका होता. मोठा केला. काळीपिवळी जीप, टपावर काहीतरी पांढरं बांधलेलं, तोंड कळवणकडे. पस्तिसाव्यातही होती, झाड ओलांडून आलेली.

भिंतीवरच्या चित्रात त्या झाडापाशी नुसता रस्ता आहे.